त्रैक्य बायबलात आहे का? मराठी पवित्र शास्त्र उघडून केलेली तपासणी

जालना असो, संभाजीनगर असो की नांदेड, रविवारची उपासना संपताना पाळक हात वर करून जे आशीर्वचन म्हणतात ते मंडळीतल्या लहान पोरांनाही पाठ असतं: प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हां सर्वांबरोबर असो. हे वाक्य प्रेषित पौलाचं. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 13, वचन 14. ते इसवी सन 55-56च्या सुमारास लिहिलं गेलं, म्हणजे निकियाच्या परिषदेच्या (325 सालच्या बिशपांच्या सभेच्या) साधारण 270 वर्षं आधी. त्यामुळे ‘त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांत एकच देव, ही 325 साली बादशहाने घुसडलेली कल्पना’ हे जे अधूनमधून ऐकू येतं, ते या एका वाक्यापुढे टिकत नाही. तिघांना एका ओळीत बसवून आशीर्वाद मागण्याची सवय पहिल्याच पिढीत होती.

पण तेच वाक्य पुन्हा सावकाश वाचा. ‘देव’ हा शब्द तिघांपैकी एकालाच लावलाय. तिघे समान आहेत, एकच आहेत, असं काही त्यात म्हटलेलं नाही. सगळा वाद या दोन निरीक्षणांच्या मधल्या जागेत आहे.

‘त्रैक्य’ हा शब्द उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठेही नाही. ग्रीकमध्ये ‘त्रियास’ हा शब्द देवासंबंधी अंत्युखियाचा थियोफिलस 180च्या सुमारास वापरतो, आणि तोही ‘देव, त्याचा शब्द आणि त्याचं ज्ञान’ अशा तिघांसाठी. लॅटिन ‘त्रिनितास’ कार्थेजच्या तर्तुलियनने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रुळवला. पण शब्द नाही म्हणून वस्तूही नाही, असं ठरत नाही. म्हणून आधी वस्तू काय आहे ते नीट मांडून घेऊ.

सिद्धांत सात छोट्या वाक्यांचा आहे. देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता तो पुत्र नव्हे, पुत्र तो आत्मा नव्हे, आत्मा तो पिता नव्हे. ही सातही वाक्यं एकत्र सांगणारं एकही वचन बायबलात नाही. तसं वचन शोधायला जाणारा दमतो, आणि मग भलत्याच वचनाला धरून बसतो. वाक्यं सुटी करून एकेकाला शास्त्रात आधार किती ते बघणं, हा खरा मार्ग.

त्याआधी एका मराठी शब्दाचा त्रास. ‘एक देव, तीन व्यक्ती’ असं आपण म्हणतो, आणि आपल्या कानाला व्यक्ती म्हणजे माणूस: बसच्या बाकावर बसलेल्या तीन व्यक्ती. ग्रीक लेखकांनी इथे ‘हिपोस्तासिस’ हा शब्द धरला होता. त्यात ‘स्वतःचं अस्तित्व असलेला’ एवढाच अर्थ आहे. वेगळं शरीर, वेगळी मर्जी, वेगळा संसार असलं काही नाही. बाजूचा मुसलमान मित्र ‘तुमचे तीन देव’ म्हणतो तेव्हा त्याच्या कानात बहुधा हाच ‘व्यक्ती’ वाजत असतो. कुराणात 4:171 मध्ये ‘तीन म्हणू नका’ असं आहे, आणि 5:116 मध्ये येशू व त्याची आई या दोघांना देव मानण्याबद्दल विचारणा आहे. मरिया कुठल्याच मंडळीच्या त्रैक्यात नाही, हे सांगितलं तर अर्धा गैरसमज तिथेच मिटतो.

दुसरा त्रास उदाहरणांचा. पाणी, बर्फ, वाफ हे शाळेतलं आवडतं उदाहरण. तेच पाणी एका वेळी एकच रूप घेतं, म्हणजे देव आधी पिता, मग पुत्र, मग आत्मा झाला असं होतं. तिसऱ्या शतकात रोममधल्या साबेलियसच्या नावावर हेच मत चिकटलं, आणि मंडळीने ते नाकारलं. ‘एकच माणूस घरात बाप, शाळेत मास्तर, मळ्यात शेतकरी’ हेही तेच. बेलाचं त्रिदळ घेतलं तर उलटी चूक: एक दल म्हणजे एक तृतीयांश पान, तसा पुत्र एक तृतीयांश देव होतो. माहूर आपल्याच मुलखात असल्याने दत्ताची तीन शिरं तर हमखास पुढे येतात. दत्तभक्तांच्या परंपरेत त्या मूर्तीला तिचा स्वतःचा अर्थ आहे. त्रैक्य समजवायला ती उसनी आणली की दोन्हीकडचा अर्थ बिघडतो. युरोपातही मध्ययुगात एका डोक्याला तीन तोंडं असलेली त्रैक्याची चित्रं काढत. पोप आठव्या अर्बनने 1628 मध्ये ती बंद केली.

आता वचनं. आधी जी सोडून द्यायला हवीत ती.

योहानाच्या पहिल्या पत्राचा अध्याय 5, वचन 7. ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत’ हे वाक्य इंग्रजीच्या 1611च्या भाषांतरात आहे, आणि बरेच प्रचारक आजही ते तोंडपाठ म्हणतात. सध्याच्या बहुतेक भाषांतरांत ते मजकुरातून काढलेलं आहे, फार तर तळटिपेत दिसतं. कारण साधं आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाहीच. ते चौथ्या शतकापासून लॅटिनमध्ये दिसू लागतं. डच विद्वान इरॅस्मसने छापील ग्रीक नवा करार 1516 आणि 1519 मध्ये काढला तेव्हा ते वाक्य घेतलं नव्हतं. ओरड झाली. मग ते वाक्य असलेली एक ग्रीक प्रत त्याच्यापुढे आली, ती त्याच्याच काळातली होती, आणि 1522च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते छापलं. (ती प्रत आज डब्लिनच्या कॉलेजात आहे, आणि कॉलेजाचं नाव ट्रिनिटी!) सगळ्यात बोलका पुरावा वेगळाच: चौथ्या शतकात याच मुद्द्यावर ग्रीक बिशप अर्धं शतक भांडले, आणि एकानेही हे वचन पुढे केलं नाही. हाताशी असतं तर सोडलं असतं का?

दुसरं, ‘एलोहीम’. जालन्याजवळचं बेथेल, नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं ख्रिस्ती गाव, त्याच्या नावात ‘एल’ आहे: बेथ म्हणजे घर, एल म्हणजे देव. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात मात्र ‘एलोहीम’ आहे, आणि ‘ईम’ हा हिब्रूत अनेकवचनाचा प्रत्यय. यावरून ‘बघा, पहिल्याच ओळीत तिघे’ असं सांगतात. आपण ‘बाबा आले’ म्हणतो तेव्हा बाबा एकच असतात, क्रियापद अनेकवचनी. हिब्रूत बरोबर उलटं घडतं: नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. अर्थ एकाच देवाचा. शिवाय हाच शब्द शास्ते 11:24 मध्ये कमोश या परक्या देवाला लावलाय. कमोश त्रैक्य होता असं कोणी म्हणत नाही.

उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायातलं 26वं वचन, ‘आपण मनुष्य करू’. इथे मराठी स्वतःच्या पदरचं घालते. ‘आम्ही करू’ आणि ‘आपण करू’ यांत आपल्याला फरक आहे, ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो. हिब्रूत हा फरक नाही, तिथे नुसतं ‘करू’ आहे. कोणाशी बोलणं चाललंय ते मूळ मजकूर सांगत नाही. यहुदी टीकाकार स्वर्गातल्या दूतांच्या दरबाराशी म्हणतात. लगेच पुढच्या वचनात क्रियापद पुन्हा एकवचनी होतं. त्रैक्य दुसरीकडून पटलेल्या माणसाला इथे त्याची चाहूल लागू शकते, पण सिद्ध करायला हे वचन पुरत नाही.

अनुवाद या पुस्तकातल्या 6:4 मधल्या (‘हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव एकच परमेश्वर आहे’) ‘एखाद’ या हिब्रू शब्दाचीही अशीच ओढाताण होते. एखाद म्हणजे ‘अनेकांचं मिळून एक’, कारण नवरा-बायको ‘एकदेह’ होतात तिथेही तोच शब्द आहे, असा युक्तिवाद. एखाद म्हणजे सरळ ‘एक’. उपदेशक 4:8 मध्ये ज्याला ना मुलगा ना भाऊ अशा एकट्या माणसालाही एखादच म्हटलंय. ‘एक गाडी उसाची’ म्हटल्यावर गाडीत ऊस शेकडो असतात, म्हणून ‘एक’चा अर्थ ‘शेकडो’ होत नाही. हे वचन पहिल्या वाक्याचा, देव एकच आहे याचा, पाया आहे. येशूने मार्क 12:29 मध्ये तेच म्हटलं. तेवढंच त्याचं काम, आणि ते पुरेसं मोठं आहे.

पाया धरून पुत्राकडे येऊ. योहान 1:1: प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता. त्रैक्य न मानणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे लोक दारावर येतात तेव्हा याच जागी बोट ठेवतात, कारण त्यांच्या भाषांतरात ‘शब्द एक देव होता’ अशा अर्थाचं वाक्य आहे. मराठीत उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) नसल्याने हा वाद आपल्या वाक्यात दिसतच नाही. ग्रीकमध्ये दुसऱ्या तुकड्यातल्या (‘देवासह होता’) ‘देव’ला उपपद आहे, तिसऱ्या तुकड्यातल्याला नाही. म्हणून ‘एक देव’? पण त्याच अध्यायात वचन 6 आणि 18 मध्येही ‘देव’ उपपदाशिवाय आहे, आणि तिथे अर्थ एकमेव देवाचाच घेतात. ग्रीकमध्ये विधेय क्रियापदाच्या आधी आलं की उपपद बहुधा गळतं. तिथे उपपद असतं तर ‘शब्द म्हणजे तोच पिता’ असा अर्थ निघाला असता आणि ‘देवासह होता’ हे खोटं ठरलं असतं. आहे तशी रचना ‘देव जे काही आहे ते शब्द आहे’ एवढं सांगते. दोन बाजू एका ओळीत सांभाळल्या आहेत: देवासोबत आहे म्हणून तो पिता नाही, आणि तरीही देव आहे.

योहान 10:30, ‘मी आणि पिता एक आहो’. हेही मराठीत अर्धंच दिसतं. ग्रीकमध्ये ‘एक’ला लिंग आहे, इथे नपुंसकलिंगी रूप आहे, पुल्लिंगी नाही. म्हणजे ‘एकच जण’ नव्हे, ‘एक वस्तू’. तर्तुलियनने हेच दाखवून ‘पिताच पुत्र झाला’ म्हणणाऱ्यांना उत्तर दिलं. आपलं ‘एक’ बदलत नाही, पण ‘आहो’ हे अनेकवचन मराठीने जपलंय, तिथे दोघे दिसतात. मात्र एक सावधगिरी: योहान 17:22 मध्ये शिष्यांच्या ऐक्यासाठीही तेच नपुंसकलिंगी ‘एक’ आहे. तेव्हा हे वचन दोघे वेगळे आहेत हे चांगलं दाखवतं, पण स्वरूपाने एक आहेत हे एकट्याने दाखवत नाही.

सगळ्यात वजनदार वचन त्या मानाने कमी वापरलं जातं. करिंथकरांस पहिलं पत्र, 8:6. तिथे पौल म्हणतो: आपल्याला एकच देव, म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व काही. वरवर पाहता हे त्रैक्याच्या विरुद्ध जातं, कारण ‘एकच देव म्हणजे पिता’ असं स्पष्ट आहे, आणि त्रैक्य न मानणारे तेवढाच अर्धा भाग वाचून दाखवतात. पण पौल इथे काय करतोय ते बघायला अनुवाद 6:4 बाजूला ठेवावं लागतं. यहुदी माणूस रोज म्हणतो त्या वचनाच्या ग्रीक भाषांतरात तीन शब्द आहेत: प्रभू, देव, एक. पौलाने तेच तीन शब्द घेतले आणि ‘देव’ पित्याला, ‘प्रभू’ येशूला दिला, ‘एक’ दोघांनाही. ‘प्रभू’ हा त्या भाषांतरात परमेश्वराच्या नावाच्या जागी येणारा शब्द. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल बोलता बोलता, देव एकच हे ठासून सांगत असताना, येशूला त्या ‘एकच’च्या आत बसवलंय, बाहेर दुसरा म्हणून नाही. फिलिप्पैकरांस 2:10-11 मध्येही तसंच: यशया 45:23 मध्ये परमेश्वर शपथ घेऊन म्हणतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, आणि पौल तो गुडघा येशूच्या नावाने टेकवतो. यशयाचा तो अध्याय ‘माझ्याशिवाय दुसरा देव नाही’ हे पुन्हापुन्हा सांगणारा आहे. योहान 20:28 मध्ये थोमाचं ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ आहेच, आणि येशू त्याला थांबवत नाही.

विरुद्ध बाजूची वचनं लपवून काही साधत नाही. पिता माझ्यापेक्षा थोर आहे (योहान 14:28). तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही (मार्क 13:32). तू एकच खरा देव, असं येशू पित्याला म्हणतो (योहान 17:3). सर्व अंकित झाल्यावर पुत्र स्वतः अंकित होईल (करिंथकरांस पहिलं, 15:28). मंडळीचं ठरलेलं उत्तर असं की पुत्र माणूस झाला, आणि ही वाक्यं त्याच्या माणूसपणाची. मार्क 13:32 ला ते बऱ्यापैकी लागू पडतं. 15:28 ला ताणावं लागतं, कारण तिथे पुनरुत्थानानंतरची गोष्ट चाललीय. तिथे ‘दर्जा समान, क्रम वेगळा’ असं दुसरं उत्तर द्यावं लागतं. बाप-लेक दोघे सारखेच माणूस असतात, तरी लेक बापाचं ऐकतो, तसं. या वचनांवरून पुत्राला निर्मिती ठरवणाऱ्या माणसाची फसगत दुसरीकडे होते: योहान 1:3 म्हणतं की जे काही झालं ते त्याच्याद्वारे झालं. मग तो स्वतः ‘झालेल्यां’च्या यादीत कसा?

आत्म्याबद्दलचा आधार सगळ्यात विरळ आहे, हे मान्य करावं. ‘पवित्र आत्मा देव आहे’ असं सरळ वाक्य नाही. जवळ जातं ते प्रेषितांची कृत्ये 5:3-4. पेत्र हनन्याला म्हणतो, पवित्र आत्म्याशी खोटं बोललास, आणि पुढच्याच वचनात, देवाशी खोटं बोललास. आत्मा ही नुसती शक्ती आहे या मताला त्याच पुस्तकातलं 13:2 आडवं येतं. तिथे आत्मा बोलतो, बर्णबा व शौल यांना वेगळे करा म्हणतो. इफिसकरांस 4:30 मध्ये त्याला खिन्न करू नका असं आहे. विजेला कोणी खिन्न करत नाही. योहान 14:16 मध्ये येशू ‘दुसरा कैवारी’ म्हणतो. कैवारी म्हणजे आपली बाजू घेऊन उभा राहणारा, आणि ‘दुसरा’ म्हणजे पहिला येशू स्वतः. आत्मा तो पुत्र नव्हे, हे याच शब्दात आहे. तिघे वेगवेगळे एकाच प्रसंगी बघायचे तर मत्तय 3:16-17: पुत्र पाण्यातून वर आलाय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आवाज वरून येतोय. एकच जण तीन रूपं घेतो असं मानलं तर इथे येशू स्वतःलाच ‘माझा प्रिय पुत्र’ म्हणतोय असं होईल.

मग 325 साली झालं तरी काय? आलेक्सांद्रियाच्या मंडळीचा एक वडील (म्हणजे पाळक) आरियस 318च्या आसपास सांगू लागला की पुत्र नव्हता असा एक काळ होता. त्याचा आवडता आधार नीतिसूत्रे 8:22, जिथे ग्रीक भाषांतरात ज्ञान म्हणतं, प्रभूने मला निर्माण केलं. (मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘मिळवलं’, ‘जन्म दिला’ असाही होतो, पण भांडण ग्रीकमध्ये होतं.) रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन याने बिशपांना निकियाला बोलावलं. बायबलात कोणती पुस्तकं घ्यायची याचा निर्णय तिथे झाला नाही. तो समज चुकीचा. बिशपांना मतांगीकार (श्रद्धेचं ठरलेलं निवेदन) शास्त्रातल्याच शब्दांत हवा होता. नंतर आलेक्सांद्रियाचा बिशप झालेल्या अथनेशियसने पुढे लिहून ठेवलंय की ‘पुत्र देवापासून आहे’ असं लिहायचं ठरलं, तर आरियसच्या बाजूचे लगेच कबूल: सगळंच देवापासून आहे की, करिंथकरांस पहिलं 8:6 मध्येच आहे! प्रत्येक वचनाला ते एकमेकांत कुजबुजत, डोळे मिचकावत होकार देऊ लागले. तेव्हा बायबलात नसलेला ‘होमोऊसियोस’, म्हणजे ‘एकाच सत्त्वाचा’, हा शब्द घालावा लागला, कारण तो त्यांना गिळता येणार नव्हता. शेवटी दोन बिशपांनी सही नाकारली. तरी वाद मिटायला 381ची कॉन्स्टंटिनोपलची परिषद उजाडली, आणि मधल्या काळात अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. 325च्या मतांगीकारात आत्म्याबद्दल ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढंच होतं. 381 मध्ये ते वाढवून ‘प्रभू, जीवन देणारा, पिता व पुत्र यांच्याबरोबर ज्याची उपासना होते’ असं केलं. ‘देव’ हा शब्द तिथेही आत्म्याला लावलेला नाही.

राहिलं मत्तय 28:19, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा. ‘नावाने’ एकवचनी आहे, ‘नावांनी’ नाही, म्हणून तिघांचं नाव एक, असं शिकवतात. मूळ ग्रीकमध्ये एकवचन आहे हे खरं. पण आपण ‘सातबारा तिघा भावांच्या नावाने आहे’ म्हणतो तेव्हाही एकवचनच वापरतो, आणि तलाठ्याकडच्या उताऱ्यावर नावं तीन असतात. शास्त्रातही असं आहे: उत्पत्ती 48:16 मध्ये ‘माझे पूर्वज अब्राहाम व इसहाक यांचं नाव’ म्हणताना हिब्रूत नाव एकवचनी आहे. एकवचनावर इतका भार टाकू नये. ‘फक्त येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या कृत्ये 2:38 दाखवतात. तिथे कोणाच्या अधिकाराने ते सांगितलंय, म्हणायचे शब्द सांगितलेत असं दिसत नाही. अगदी जुन्या मंडळीचं ‘दिदखे’ हे नियमपुस्तक तीन नावं घेऊन वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यायला, आणि तेवढं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतायला सांगतं.

अथनेशियसचा मुद्दा एकवचनाचा नव्हताच. त्याने विचारलं, निर्माणकर्त्याच्या नावाच्या जोडीला निर्मिलेल्याचं नाव बाप्तिस्म्यात कशाला? यावर विरोधकांनी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचं 5:21 काढलं, जिथे पौल देव, ख्रिस्त येशू आणि निवडलेले देवदूत यांना एकाच ओळीत घेतो. म्हणजे नुसत्या शेजारामुळे समानता ठरत नाही. हरकत खरी होती. कैसरियाचा बिशप बासिल याने 375च्या सुमारास तिला उत्तर दिलं: त्या वचनात देवदूतांना साक्षीला बोलावलंय, बाप्तिस्मा त्यांच्या नावाने कोणाला दिलेला नाही.